मातीचे स्वातंत्र्य आणि पाहुण्याचे पान

(मंडळाच्या वार्षिक स्नेहसंमेलनप्रसंगी केलेले भाषण)



चिटणीसांचे पत्र आले तेव्हा आम्ही शेताच्या मेरेवर उभे होतो व हात चिखलाने भरलेले होते. पत्र घरच्या मंडळींनीच वाचून दाखविले. 'शेतावरील जीवन आणि पाहुणचार' या विषयावर चार शब्द बोलावे, अशी त्यात आज्ञा होती. व्याख्यान देणे हा आमचा व्यवसाय नव्हे. आमचा व्यवसाय भात लावण्याचा. परंतु समाजाची आज्ञा मोडवत नाही, आणि गेल्या काही वर्षांत आम्हां उभयतांस जे अनुभवास आले ते आपल्या माणसांपुढे मांडणे हे कर्तव्यही वाटते. म्हणून आज आपणांसमोर उभे आहोत. बोलण्यात काही उणे-अधिक झाले तर आपण सांभाळून घ्याल, अशी खात्री आहे.

विषयाच्या मथळ्यात 'स्वातंत्र्य' हा शब्द नव्हता, तो आम्ही जोडून घेतला आहे. शहरातून येणारा प्रत्येक पाहुणा आमच्या ओटीवर बसला की पहिल्या घटकाभरात म्हणतो, "किती मोकळे आहात हो तुम्ही!" त्यास आम्ही हसून होकार देतो; पण मनात येते की या मोकळेपणाची किंमत कोणी, केव्हा आणि कशी चुकती केली हे या सद्गृहस्थांस ठाऊक नाही. त्यांचे सोडा, आपल्या तरुण पिढीस तरी ते कितपत ठाऊक आहे?

आपला समाज मुख्यत्वे कुळांचा समाज. आपल्या आजे-पणजोबांनी जी जमीन कसली ती त्यांची नव्हती. भातावर अर्धेल आणि नाचणी-वरीसारख्या वरकस पिकावर तिर्धेल, असा खोताचा वाटा कोकणात ठिकठिकाणी चालत असे. वेठ होती ती वेगळीच. पाऊस कमी झाला म्हणून वाटा सुटत नसे आणि घरात आजारी आहे म्हणून वेठ चुकत नसे. या व्यवस्थेविरुद्ध अलिबाग तालुक्यातील चरी येथील शेतकऱ्यांनी नारायण नागू पाटील यांच्या नेतृत्वाखाली १९३३ साली संप पुकारला आणि तो १९३९ पर्यंत, म्हणजे सहा पावसाळे, चालविला. ज्यांचे पोट शेतावर, त्यांनीच शेत पडीक ठेवावे, यात केवढा निर्धार असेल याचा विचार करा. १९३७ च्या सप्टेंबरात डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी मुंबईच्या विधिमंडळात खोती नष्ट करण्याचे विधेयक मांडले आणि १९३८ च्या जानेवारीत कोकणातील हजारो शेतकरी त्यासाठी मुंबईत मोर्चाने गेले. पुढे १९४९ च्या कायद्याने खोती गेली. १९४८ चा कूळकायदा आणि त्याची १९५६ ची दुरुस्ती यांमुळे १ एप्रिल १९५७ हा कृषकदिन ठरला व कसणारा कूळ त्या जमिनीचा खरेदीदार मानला गेला.

आमच्या आजोबांच्या नावचा खरेदीचा दाखला आजही आमच्या घरी पत्र्याच्या पेटीत आहे. जमीन सारी मिळून साडेतीन एकर, आणि तीही तीन ठिकाणी. तिची ठरलेली किंमत त्यांनी हप्त्याहप्त्याने फेडली. प्रत्येक हप्त्यास ते गावाहून देवरुखास पायी जात व संध्याकाळी पावती धोतराच्या सोग्यात बांधून परत येत. आमच्या वडिलांनी सांगितलेली एक गोष्ट आम्ही विसरलेलो नाही. शेवटची पावती आली त्या रात्री आजोबा जेवले नाहीत. कंदील घेऊन खळ्यावर गेले आणि बराच वेळ एकटेच बसून राहिले. आजीने विचारले, "काय करता?" ते म्हणाले, "काही नाही. आपल्या जागेत बसलोय."

मित्रहो, स्वातंत्र्याची याहून सोपी व्याख्या आम्हांस सापडलेली नाही.

तथापि साडेतीन एकरांत चार भावांची पोटे भरत नाहीत, हेही तितकेच खरे. म्हणून आमचे वडील आपल्यांतील सहस्रावधी बांधवांप्रमाणे मुंबईस आले, गावकीच्या खोलीत वळकटी टाकून राहिले आणि गिरणीत साच्यावर उभे राहिले. १८ जानेवारी १९८२ रोजी गिरणी कामगारांचा संप सुरू झाला. सुमारे अडीच लाख कामगार त्यात उतरले. त्याचा शेवट कसा झाला हे या सभागृहातील अनेक घरांनी सोसलेले आहे. वडील गावी परतले ते पुन्हा मुंबईस गेले नाहीत. आम्ही मात्र मुंबईतच राहिलो, एका खाजगी कचेरीत कारकुनी केली आणि अठ्ठावीस वर्षे आगगाडीच्या दांडीस लोंबकळत आयुष्य काढले. महिन्याचा पगार वेळेवर मिळे. त्याबद्दल तक्रार नाही. परंतु आमचा दिवस आमचा नव्हता. पाऊस लागला की मनात येई, 'गावी आता चिखलणी चालू असेल'. आणि तेवढ्यात साहेबाची घंटा वाजे.

२०११ साली वडील गेले. दिवसकार्य आटोपल्यावर तेराव्या दिवशीच एक दलाल दारात आला. महामार्गाच्या रुंदीकरणाची बोलणी तेव्हा चालू होती आणि जमिनीस भाव चढला होता. त्याने सांगितलेला आकडा ऐकून आमची झोप उडाली, हे आम्ही लपवून ठेवीत नाही. आमच्या वाडीतील दोन घरांनी तसा व्यवहार केलाही. आज त्यांपैकी एका जमिनीवर मुंबईच्या एका गृहस्थांचा बंगला आहे, तो वर्षातून दहा दिवस उघडतो आणि त्याच्या फाटकावर राखणदार म्हणून त्याच जमिनीच्या जुन्या मालकाचा मुलगा बसतो. आम्ही त्यास दोष देत नाही. बहिणीचे लग्न व बापाचे आजारपण या दोन गोष्टी माणसाकडून काय करवून घेतील याचा नेम नाही. परंतु ज्या जमिनीसाठी पणजा वेठीस गेला व आज्याने हप्ते फेडले, तिच्याच फाटकावर पणतवाने परक्यास सलाम करावा, हे दृश्य पाहून आम्ही त्या दलालास नकार कळविला. पुढच्या मृगाला आम्ही उभयतां गावी होतो.

आता गावी गेल्यावर सारे सुखच झाले, असे सांगितले तर ती आपली फसवणूक होईल. पहिल्या वर्षी आमच्या हातून तरवा दाट पडला आणि रोप बारीक राहिले. दुसऱ्या वर्षी माकडांनी परसातील एकही भाजी हाती लागू दिली नाही, आणि रानडुकरांनी एका रात्रीत नाचणीचा तुकडा लोळविला. आमच्याकडे पाऊस तीन हजार मिलिमीटरांहून अधिक पडतो. पण जांभ्याच्या उतारावरून तो समुद्राकडे धावतो आणि एप्रिल-मेमध्ये विहिरीचा तळ दिसतो. साडेतीन एकरांचे भात, थोडे काजू, पाच-सहा कलमे आणि भातामागून घेतलेला कुळीथ एवढ्यावर दोन माणसांचे पोट भरते, पण मुलीच्या शिक्षणाचा खर्च निघत नाही. शेतकऱ्याचे स्वातंत्र्य म्हणजे कष्टातून सुटका नव्हे. कष्ट आहेतच, फक्त त्यांचा धनी आपण आहोत, एवढाच त्याचा अर्थ. पण धनी व्हायचे तर हिशेबाची तोंडमिळवणीही आपणांसच करावी लागते.

पाहुण्यांचा विषय या हिशेबातून निघाला. बारामतीकडे २००५ च्या सुमारास काही शेतकऱ्यांनी आपल्या शेतावर शहरवासीयांस पाहुणे म्हणून ठेवण्यास प्रारंभ केला होता. तद्वत आपणही करावे असे आमच्या घरून सुचविण्यात आले. 'आमच्या घरून' म्हणजे आमच्या सौभाग्यवतींकडून, हे स्पष्ट सांगतो. कारण श्रेय त्यांचे आहे. २०१४ साली आम्ही माजघराशेजारची जुनी कोठीची खोली दुरुस्त केली, दोन स्वच्छ शौचकूप बांधले आणि दोन कुटुंबे राहतील एवढी सोय केली.

तेव्हा सर्वांत मोठा विरोध झाला तो आमच्या वृद्ध आत्यांचा. त्या म्हणाल्या, "आपल्या घरी वाटसरूसुद्धा जेवल्याशिवाय गेला नाही. पाहुण्याच्या पानाची किंमत कशी रे करतोस?" या प्रश्नाचे उत्तर आम्हांस पुष्कळ दिवस देता आले नाही. पैसे घेतले की तो पाहुणा राहिला कोठे, आणि न घेतले तर आपण तरी राहणार कोठे? शेवटी आम्ही मनाशी असा निर्णय केला की, तांदूळ, सरपण, अंथरूण आणि राबणाऱ्या हातांची मजुरी यांची किंमत घ्यावी. अगत्याची घेऊ नये. अगत्य विकता येत नाही, कारण ते मापात मावत नाही. आलेल्या माणसास दारात पाय धुवावयास पाणी द्यावे, जाताना पदरी मूठभर सोले किंवा काजू घालावेत, आणि या दोन गोष्टींचा आकार कधी लावू नये, हा नियम आत्यांनीच घालून दिला. त्या आज नाहीत, नियम आहे.

पाहुण्यास आम्ही काय दाखवितो? खरे म्हणजे काहीच दाखवीत नाही. जे चाललेले असते त्यात त्यास घेतो. वैशाखात आला तर रातांबे फोडून सोले वाळत घालावे, बरका आणि कापा फणस यांतील भेद जिभेने शिकावा. मृगानंतर आला तर इरले डोक्यावर घेऊन लावणीस उतरावे. श्रावणात टाकळा, भारंगी, कुर्डू अशा रानभाज्या ओळखाव्या. कार्तिकात भाताची झोडणी पाहावी आणि त्याच तांदळाची भाकरी व कुळथाची पिठी खावी. आमच्या घरी वेगळे 'पाहुण्यांचे जेवण' शिजत नाही. गणपतीत आम्ही कोणास खोली देत नाही, कारण त्या दिवसांत आमचे चाकरमानी घरी येतात व घर त्यांचे असते. जाखडी आणि नमन ज्या दिवशी गावात व्हावयाचे त्याच दिवशी होते; पैसे देऊन मागाल त्या वेळी आम्ही ते उभे करीत नाही. देवापुढचा नाच मागणीवर नाचविला की तो नाच उरत नाही, अशी आमची समजूत आहे.

अनेक पाहुणे आले आणि गेले. त्यांतील एकाची हकीगत मात्र येथे सांगितलीच पाहिजे. चार-पाच वर्षांपूर्वी आषाढात सत्तरी ओलांडलेले एक गृहस्थ आले. आपल्याच समाजाचे, गिरणीतून निवृत्त झालेले. नातवाने त्यांची खोली ठरवून पैसे आधीच भरले होते. ते खोलीत झोपले नाहीत, ओटीवर घोंगडी टाकून झोपले. पहाटे उठून पाहतो तो ते खाचरात! लुंगी वर खोचलेली, डाव्या हातात तरव्याची मूठ, आणि उजवा हात दोन-तीन काड्यांचा चूड सरळ ओळीत रोवीत चाललेला. पन्नास वर्षे साच्यावर गेली, तरी हाताने ओळ सोडली नव्हती. आम्ही म्हटले, "काका, आपण पाहुणे आहात, बसा." ते वर न पाहताच म्हणाले, "आमचाही असा एक मळा होता. भावांनी विकला, सही मीही केली." दिवसभर त्यांनी त्या मळ्याविषयी दुसरा शब्द काढला नाही. जाताना मात्र आमच्या मुलीच्या हातावर एक नाणे ठेवून म्हणाले, "पोरी, सही करायची वेळ आली तर आधी एक लावणी करून बघ." ते नाणे आमच्या त्या पत्र्याच्या पेटीत, दाखल्याशेजारी, ठेवले आहे.

आता एक अवघड गोष्ट. ती या व्यासपीठावर बोलावी की नाही याचा आम्ही पुष्कळ विचार केला. पण आपल्या माणसांत नाही बोलायचे तर कोठे बोलायचे?

एकदा शहरातील एक प्रतिष्ठित कुटुंब आले होते. दुपारी पाने मांडली तेव्हा त्या गृहस्थांनी सुचविले की, त्यांच्या मोटारीच्या चालकाचे पान बाहेर पडवीत मांडावे. आमच्या मनात तत्क्षणी आजोबा उभे राहिले. खोताकडे वेठीस गेले असता त्यांना भाकरी मिळे ती अंगणाच्या पायरीखाली, आणि पाणी मिळे ते वरून ओंजळीत. आम्ही त्या गृहस्थांस नम्रपणे सांगितले, "या घरात पंगत एकच असते." चालकाचे पान ओळीत मांडले. गृहस्थ काही बोलले नाहीत, जेवले; आणि पुढल्या वर्षी पुन्हा आले, हे त्यांच्या थोरपणाचे.

पण गोष्ट येथे संपत नाही. त्या रात्री घरून आम्हांस विचारण्यात आले, "चालकाचे पान तुम्ही ओळीत मांडलेत, पण खालच्या बौद्धवाडीतील बाया आपल्या लावणीस येतात, त्यांचे पेले मागल्या दारी वेगळे का टांगलेले आहेत?" आम्ही निरुत्तर झालो. ते पेले आमच्या आईच्या काळापासून तेथे होते. आम्ही त्यांकडे पाहत होतो, पण ते आम्हांस दिसत नव्हते. १९२७ साली महाडच्या चवदार तळ्यावर, आमच्याच कोकणात, पाण्याचा प्रश्न ऐरणीवर आला. आमची खोती मोडावी म्हणून विधेयक मांडणारा महापुरुष तोच, ज्याच्या माणसांसाठी आमच्या मागल्या दारी वेगळे पेले! दुसऱ्या दिवशी ते खिळे उपटले. पंगत आता खरोखर एक आहे. त्या बायांनी प्रथम संकोच केला, एकीने तर स्पष्ट विचारले, "पाहुणे बघतात म्हणून का?" तो प्रश्न आम्हांस लागला, आणि लागावा असाच होता. पाहुणे नसतानाच्या दिवसांत पंगत एक राहिली, तेव्हाच तिचा विश्वास बसला. ज्याने पायरीखालची भाकरी खाल्ली, त्याने दुसऱ्यास पायरीखाली बसवू नये. स्वातंत्र्य वाटल्याने कमी होत नाही. अडवून ठेवले तर मात्र नासते.

तरुण मित्रांसाठी व्यवहाराच्या चार गोष्टी सांगून आटोपते घेतो.

पहिली गोष्ट कागदांची. पाहुण्याची खोली बांधण्याआधी सातबारा पाहा. वारसांची नोंद झाली नसेल तर प्रथम ती करा. भावकीत वाद असेल तर तो घरात मिटवा. कूळकायद्याने मिळालेल्या जमिनीच्या विक्रीवर जी बंधने होती ती २०१४ नंतर बरीच सैल झाली आहेत. म्हणजे पूर्वी कायदा आपणांस विकू देत नव्हता. आता आपणच आपणांस आवरले पाहिजे.

दुसरी गोष्ट खर्चाची. कर्ज काढून सिमेंटचे बंगले उठवू नका. चिऱ्याचे घर, कौलारू छप्पर व सारवलेले अंगण हेच पाहुण्यास हवे असते. शौचकूप आणि पिण्याचे पाणी यांत मात्र काटकसर नको. राज्य शासनाचे कृषी पर्यटन धोरण २०२० साली आले आहे व केंद्राची नोंदणी पर्यटन संचालनालयाकडे होते. ती रीतसर करून घ्या.

तिसरी गोष्ट सर्वांत महत्त्वाची. पाहुण्याची मोकळीक घरच्या बाईच्या पाठीवर उभी राहता कामा नये. आमच्या घरी पहिली दोन वर्षे नेमके तसे घडले. पाहुणे ओटीवर गप्पा मारीत, आम्ही यजमान म्हणून मिरवीत होतो, आणि चूल मात्र पहाटे चारपासून रात्री दहापर्यंत एकाच माणसापुढे पेटलेली. एके दिवशी सौभाग्यवतींनी शांतपणे सांगितले, "तुम्ही शहरातून सुटलात, मी कोठून सुटले?" तेव्हापासून एका वेळी आठांहून अधिक माणसे घेत नाही, वाडीतील दोन भगिनी मजुरीने मदतीस येतात, भाकरीचे पीठ आम्हीही मळतो, आणि पाहुण्यांच्या उत्पन्नाचा अर्धा भाग त्यांच्या स्वतंत्र खात्यात जातो.

चौथी गोष्ट, पाहुण्यांवर शेती उभी करू नका; शेतीवर पाहुणे उभे करा. २०२० च्या मार्चमध्ये टाळेबंदी आली आणि आमची सारी ठरलेली माणसे रद्द झाली. ज्यांनी केवळ खोल्या बांधल्या होत्या ते कर्जात बुडाले. आमच्या कणगीत भात होते. त्या उन्हाळ्यात मुंबईहून आमचीच भावंडे, पुतणे, भाचे मिळून अकरा जण आले. चौदा दिवस गावच्या शाळेत वेगळे राहिले आणि मग घरी आले. पावसाळा लागताच सारे मळ्यात उतरले. कित्येक वर्षे पडीक असलेला वरचा तुकडाही त्या वर्षी लागला. ज्यांना आपण 'चाकरमानी' म्हणतो ते त्या वर्षी पाहुणे म्हणून आले आणि घरचे होऊन गेले.

बंधुभगिनींनो, आपणां सर्वांस नोकऱ्या सोडून गावी जाता येणार नाही, आणि तसा उपदेश करण्याचा आम्हांस अधिकारही नाही. मुंबईने आपणांस शिक्षण दिले, हे मंडळ दिले, वसतिगृह दिले; तिचे ऋण आहे. आमची विनंती एवढीच की, गावचा तुकडा विकण्यापूर्वी एक पावसाळा त्यावर काढा. घर बंद असेल तर वर्षातून दोनदा उघडा, चूल पेटवा, आणि समाजातील ज्या कुटुंबाचे गाव सुटले आहे अशा एका तरी कुटुंबास सोबत न्या. त्यांच्याकडून काही घेऊ नका. आपल्या मंडळाने अशा उघड्या घरांची एक यादी करावी, अशी आम्ही अध्यक्षमहाशयांस सूचना करतो. तीत पहिले नाव आमच्या घराचे लिहावे.

आमच्या आजोबांनी एका रात्री खळ्यावर बसून जे अनुभवले ते एकट्याने अनुभवले. त्यांच्या वाट्यास तेवढेच आले होते. आपल्या वाट्यास त्याहून अधिक आले आहे, कारण आपण शेजारी दुसऱ्यास बसवू शकतो. खळे मोठे आहे. पावसाळा सरला की सारवून ठेवतो. आपण यावे.